काळी चारचा कप

रविवार, ९ मार्च
दुपारी, जेवणानंतर

ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर सांग.

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण कामात होतो, असं लिहिणार होतो. पण निवृत्त माणसाचं कोण ऐकून घेतं? दातांची लॅब सुटून चार महिने झाले. माझ्या जागी आलेली मुलगी संगणकावर कवळीचे दात आखते आणि यंत्र ते कोरून देतं. हुशार आहे. परवा फोन करून विचारत होती, "सर, हा रंग तुम्ही कसा जुळवायचात?" मला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. का, ते पुढे येईल.

हिचा गुडघा सुधारतोय. जिना चढताना अजून प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणते. उतरताना म्हणत नाही, म्हणजे दुखणं निम्म्यावर आलं असं मी धरून चालतो. ती तुला नमस्कार सांगते आणि माझ्याकडे पाहून म्हणते, "लिहा बरं का. नाहीतर मी लिहीन." यातलं काय लिहायचं, तेही पुढे येईल. मी फिरून फिरून येतोय हे तुला कळलंच असेल. मी लहानपणापासून असाच आहे, म्हणून तर अठ्ठावन्नाव्या वर्षीही तू मला छोट्या म्हणतेस.

तू लिहिलंस, कानाच्या डॉक्टरांनी भावोजींना काचेच्या खोलीत बसवून तासभर तपासलं आणि वयाच्या मानाने कान उत्तम आहेत असं लेखी दिलं. त्यावर भावोजी म्हणाले, "यंत्राने माणसाचा कान तपासला. पियानो लावणाऱ्याचा नाही." सभागृहाच्या व्यवस्थापकबाई तिसऱ्यांदा घरी येऊन गेल्या. त्यांचा मोठा पियानो भावोजींशिवाय कुणाला नीट लावता येत नाही, तरी भावोजींनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. दिवसभर खिडकीशी बसतात, रेडिओसुद्धा लावत नाहीत. आणि तू शेवटी लिहिलंस, "छोट्या, तूच एकदा समजाव. ते तुझं ऐकतात."

ते शेवटचं वाक्य पाच दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

गेल्या शनिवारी मी दोन वर्षांनी जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. ती मोजे विणत बसणारी बाई अजून तिथेच आहे, तिने तुझी चौकशी केली. तिच्याकडे एक इंग्लिश कप-बशी होती, तुझ्या हातून सुटली नसती अशी. कडेला निळा पट्टा, आत एकच जांभळं फूल, कान इतका नाजूक की त्यात कुणाचं बोट जात असेल का अशी शंका यावी. मी उजेडाकडे धरला तर पलीकडे माझ्या बोटांची सावली दिसली. बशीखाली आणि कपाखाली लाल रंगात तोच आकडा, हाताने काढलेला. सवयीने मी कडेवर नखाने टिचकी मारली. काय छान वाजला, ताई! आणि तो सूर हवेत असतानाच मी कप खाली ठेवला आणि काही न घेता घरी आलो. बाई मागून "अहो, तडा नाहीये त्याला!" असं ओरडत होती. तिला काय सांगू, तडा कपाला नव्हता.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. दोन वर्षं तिलाही सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? "आणि तुम्ही जेवत कसे होतात?"

आता लिहितो. तुला यातलं अर्धंअधिक ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहितो, कारण मला तिथपर्यंत सावकाश जायचंय.

तुला आधी बशी मिळाली होती. एकटी, बिनकपाची, सोनेरी वेलीची. तिच्या पाठीवरचा लाल आकडा तू वहीच्या पहिल्या पानावर लिहिलास आणि तिचा कप अकरा वर्षं शोधलास. नकाशे काढणाऱ्या बाईची नजर ती. दुकानदार "हाच तो" म्हणत दुसरे कप पुढे करायचे आणि तू वेलीचं एक पान मोजून "नाही" म्हणायचीस. तो खरा कप सापडला तेव्हा तू बसमध्ये रडलीस आणि भावोजी सगळ्या प्रवाशांना "काही नाही, कप मिळालाय" असं सांगत होते.

घरी आल्यावर त्यांनी पेन्सिलीने कपावर हलकेच ठोका दिला आणि म्हणाले, "काळी चार." पेटीवरची काळी चार. त्यांनी चिठ्ठी लिहून कपात टाकली. तुझ्या त्रेचाळीस कपांत त्रेचाळीस चिठ्ठ्या, प्रत्येकाचा सूर लिहिलेला. दरवर्षी कप धुवायच्या दिवशी टबात टॉवेल अंथरायचा, अंगठ्या काढून ठेवायच्या, तू धुवायचंस, मी पुसायचं, भावोजींनी ठोका देऊन सूर सांगायचा आणि तू चिठ्ठीशी ताडून पाहायचंस. डोळ्याला न दिसणारा तडा कानाला कळतो, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं. आणि मला "काय कवळीकर, आज दाताला सुट्टी?" असं त्या दिवशी हमखास विचारायचे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही दोघं महिनाभर लेकीकडे गेला होतात. तुमच्या कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती.

ताई, मला त्या कपातून चहा प्यायचा होता.

एवढंच. तू कधी कुणाला पिऊ दिला नाहीस. अकरा वर्षांचा कप, मलाही मान्य होतं. पण रोज कुंड्यांना पाणी घालताना तो कपाटाच्या काचेतून माझ्याकडे बघायचा. एका दुपारी मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा केला, कप काढला, खुर्चीवर ताठ बसलो आणि प्यायलो. चहा नेहमीचाच लागला. मग विसळताना कपाचा तळ नळाला लागला.

आवाज फार मोठा नव्हता. तळाच्या कडेचा नखाएवढा टवका उडाला आणि मोरीच्या भोकातून गेला. तिथून वर केसासारखा एक तडा, वेलीच्या पहिल्या पानापर्यंत. मी तिथेच फरशीवर बसलो.

त्या वेळी तुला फोन केला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. तू चिडली असतीस, आठवडाभर अबोला धरला असतास आणि मग हसली असतीस. पण मी कप रुमालात गुंडाळून लॅबमध्ये नेला. दातांच्या रंगांची पट्टी लावून पाहिली. तुझ्या कपाचा रंग दोन दातांच्या मधला निघाला. दात भरायचा मसाला चार छटांत मिसळला, तळाला पातळ थर देत टवका नवा घडवला, तड्यात तोच मसाला जिरवला आणि तीन दिवस घासून गुळगुळीत केला. पस्तीस वर्षांत मी इतकं चांगलं काम केलेलं नाही. आणि हेही लिहून टाकतो, मला त्याचा अभिमान वाटला. कुणाला सांगता येत नाही म्हणून वाईटसुद्धा वाटलं. बघ, कसा माणूस आहे तुझा भाऊ.

मग तुम्ही आलात आणि कप धुवायचा दिवस आला.

तो दिवस तुला आठवत असेल. भावोजींनी ठोका दिला आणि थांबले. पुन्हा दिला. म्हणाले, "हा उतरलाय. काळी चारला पोचत नाही. आणि लवकर विझतो." तुझा चेहरा पांढराफटक झाला. तू भिंग घेऊन खिडकीशी गेलीस, दहा मिनिटं कप फिरवून फिरवून पाहिलास आणि म्हणालीस, "काही नाहीये हो." त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी बोललोही. मी म्हणालो, "भावोजी, कप आहे तसाच आहे. तुमचा कान उतरला असेल. वय होतं माणसाचं."

मी हसत म्हणालो. तूही हसलीस, कारण तुझा जीव भांड्यात पडला होता. भावोजी हसले नाहीत. "असेल," म्हणाले, आणि पेन्सिल खाली ठेवली. अजून बारा कप राहिले होते, त्यांना त्यांनी हातही लावला नाही.

त्यांचा कान बरोबर होता, ताई. कप उतरला होता. तुझ्या भिंगाला जे दिसलं नाही, डॉक्टरांच्या यंत्राला जे मोजता येत नाही, ते त्यांना पेन्सिलीच्या एका ठोक्यात ऐकू आलं, आणि मी त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडलं. महिन्याभराने ते माझ्याकडे आले आणि आपला सूर जुळवायचा नादकाटा मला देऊन गेले. "कवळीकर, आता याचा मला उपयोग नाही. तुझ्या दातांचा सूर बघ." तेव्हाही मी काटा घेतला आणि "चहा घेणार?" असं विचारलं.

तेव्हापासून तुमच्याकडे येणं टाळतोय. कधी लॅबचं काम, कधी सर्दी, कधी हिचा गुडघा. गुडघा बिचारा माझ्यासाठी खूप राबला.

सोबतच्या डब्यात नादकाटा आहे. कापसात गुंडाळलाय, कवळ्या पाठवायचो तसा. कपाचा तळ उलटा करून खिडकीशी धर आणि आकड्याच्या डाव्या बाजूला नख फिरव. डोळ्याला नाही दिसणार, पण दगडावरून मेणावर आल्यासारखं नखाला कळेल. कळलं की त्यांच्या हातात दे. त्यांना समजवायला सांगितलं होतंस ना? मी एवढंच सांगू शकतो की ते बरोबर होते आणि मी खोटं बोललो.

मला माफ कर, असं लिहायची घाई करत नाही. आधी त्यांना त्यांचं परत मिळू दे.

तुझा अपराधी,
छोट्या

ता. क. कुंड्यांना पाणी मात्र रोज घातलं होतं.


शुक्रवार, २१ मार्च

कवळीकर,

हे पत्र मी लिहितोय. तुझी ताई शेजारी बसून मी काय लिहितो ते बघतेय आणि मधे मधे "हे नको" म्हणतेय. तिला नको असलेलं सगळं लिहितो.

तुझं पत्र तिने आधी एकटीने वाचलं. मी खिडकीशी होतो. मागे आवाज नाही म्हणून वळून पाहिलं तर ती कप उलटा धरून नख फिरवत होती. मग माझ्यापुढे कप ठेवला, पत्र ठेवलं, काटा ठेवला आणि म्हणाली, "मी भिंगावर विश्वास ठेवला हो. तुमच्यावर नाही." आणि रडायला लागली. मला वाटलं, कुणी गेलं की काय.

पत्र मी तीनदा वाचलं. त्यानंतर तुला एक शिवी दिली. मोठ्याने. ती इथे लिहू देत नाहीये. दोन वर्षांत मी घरात पहिल्यांदा आवाज चढवला म्हणून तुझी ताई रडता रडता हसली.

राग आला, हे तुला कळायला हवं. छोट्या, माझ्याकडे दुसरं काही नाही रे. हात सगळ्यांना असतात, पाने-हातोड्या बाजारात मिळतात. चाळीस वर्षं मी कानावर जगलो. तो गेला असं वाटल्यावर मी रेडिओ का बंद केला माहीत आहे? गाणं लागलं की मनात यायचं, हे असंच आहे की मला असं ऐकू येतंय? ताईचा आवाजही तिचाच आहे ना, अशी शंका यायची. दोन वर्षं माणूस स्वतःच्याच कानाला खोटा म्हणत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला. तो जसा होता तसाच होता. मीही. काय सांगू तुला, अंगातलं मणाचं ओझं उतरल्यासारखं झालं. उठून शर्ट बदलला आणि ताईला म्हणालो, "जरा जाऊन येतो." तिने कुठे असं विचारलं नाही. नुसती पिशवी हातात दिली. माझी हत्यारं तिने भरूनच ठेवली होती.

सभागृहातला पियानो भयंकर बिघडलाय. माझ्यामागे कुणीतरी त्याला हात लावलाय, आणि ज्याने लावलाय त्याचा कान खरंच गेलेला असणार. मी बंद होईपर्यंत तिथे होतो, परवा पुन्हा गेलो, आजही जाऊन आलो. एक तार तुटली. व्यवस्थापकबाईंनी मागच्या खुर्चीत बसून डबा खाल्ला. निघताना मी सगळ्या पट्ट्यांवरून एकदा हात फिरवला तेव्हा मात्र त्या उठून उभ्या राहिल्या. कान जागेवर आहे, बाबा. जागेवर आहे.

आता ताईचं ऐक. टवक्याबद्दल ती तुला काही म्हणत नाही. भिंगाखाली पुन्हा पाहून आली आणि म्हणाली, "काम मात्र चोख केलंय मेल्याने." पण तिच्या कपातून तू चहा प्यायलास, हे तिला सहन होत नाहीये. काल दिवसभर तेच. "मी अकरा वर्षं शोधला, मी एक घोट घेतला नाही, आणि हा कुंड्यांना पाणी घालायला आला आणि पिऊन गेला!" शेवटी संध्याकाळी तिने चहा टाकला, तो कप घेतला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "आता ठिगळाचा झालाच आहे. कपाटात ठेवून काय पूजा करायची?" आधी तिने घेतला, मग मी. तू लिहिलंस ते खरं आहे, चहा नेहमीचाच लागतो. पण कप ओठाला फार पातळ लागतो. ते लिहायचं तू विसरलास.

मला तुझं एक कळलं. तू ते वाक्य बोललास तेव्हा माझा कान मोडायला निघाला नव्हतास. तू घाबरला होतास. घाबरलेला माणूस जवळ असेल ते उचलून फेकतो, आणि तुझ्याजवळ तेव्हा मी होतो. त्यामुळे राग गेलाय असं नाही, निम्म्यावर आलाय. जिना उतरताना दुखत नाही, एवढं धरून चाल.

कप धुवायचा दिवस पुढल्या रविवारी ठेवलाय. दोन वर्षांपासून ते बारा कप तसेच राहिलेत. तुझ्या हिला गुडघ्यासकट घेऊन ये, आमच्याकडे जिना नाही. पुसायचं काम तुझं. विसळायला मात्र तू नळाजवळ फिरकायचं नाहीस, असं ताईने तीनदा बजावलंय. आणि येताना त्या मोजेवाल्या बाईकडून जांभळ्या फुलाचा तो कप घेऊन ये. तू टिचकी मारलीस आणि सूर पुरता न ऐकता पळालास. त्याची चिठ्ठी कोण लिहिणार?

जुनी चिठ्ठी मी आज बदलली. त्या दिवशी मी तीच परत कपात टाकली होती, माझ्या कानाविरुद्ध. आता तिथे लिहिलंय, "काळी चारच्या जरा खाली. लवकर विझतो. दुरुस्ती मेहुण्याची." त्याखाली तारीख घातली आहे. तुझ्या पत्राची नाही, ज्या दिवशी मला ऐकू आलं त्या दिवसाची.

ज्याचा कान कधीच उतरला नव्हता, असा तुझा
भावोजी